अळणी महालकरी

आमच्या अण्णासाहेबांना कुणी जेवायला बोलावलं, की यजमानाच्या घरी आधी एक निरोप जायचा. निरोप्या मीच. "साहेब येतील, मांडी घालून बसतील, पोटभर जेवतील. पिठलं करा, भात करा, वांगं करा, काय हवं ते करा. फक्त कशातही मीठ घालू नका. मीठ साहेब बरोबर आणतील."

तुम्ही हसाल. तुमचं काय जातं? चुलीपुढं बसलेली घरची बाई पळी हातात तशीच धरून माझ्या तोंडाकडं बघायची आणि विचारायची, "आमच्या मिटाला काय झालं वो?" आता काय सांगायचं तिला? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी चपला शोधायला लागायचो.

संस्थानं होती तेव्हाच्या गोष्टी या. भोर संस्थानात वेल्ह्याच्या अंगाला अण्णासाहेब महालकरी होते. महालकरी म्हणजे त्या डोंगरातल्या गावांचा मामलेदारच म्हणा ना. सारा, बांध, गायरान, पाणवठा, भाऊबंदकी, सगळे तंटे त्यांच्यापुढं यायचे. मी त्यांचा कारकून. फिरतीवर ते तट्टावर आणि मी मागून पायी, बगलेत कागदांचं दप्तर. ते उंच, वाळके, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, आणि कोटाच्या आतल्या खिशात एक पितळी फिरकीची डबी. डबीत मीठ.

पान वाढून झालं की ते डबी काढायचे, झाकण फिरवायचे, चिमूट घ्यायचे आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "मीठ ज्याचं, जीभ त्याची." मग भातावर भुरभुरायचे. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण म्हणतो, ते या माणसानं अक्षरशः धरलं होतं. कुणाचं मीठच खाल्लं नाही, तर कुणाला जागायचा प्रश्नच नाही. न्यायाला मोकळे!

"अहो, पण त्याचे तांदूळ चालतात, तूप चालतं, मग मिठानंच काय घोडं मारलंय?" असं मी एकदा चिडून विचारलं. त्यांनी शांतपणे मला समजावलं. फिरतीवरच्या शिध्याचे दर ठरलेले असतात. तांदळाला दर आहे, डाळीला आहे, तुपाला आहे, सरपणालासुद्धा आहे. ते पैसे आपण चुकते करतो. मिठाला दर नाही. मीठ गावात कुणी कुणाला विकत नाही, वाटीभर असंच देतात. "म्हणजे मीठ फुकट, बापूराव. आणि अधिकाऱ्यानं फुकट घेतलं की ती लाच." यावर काय बोलणार, डोंबल!

एक मात्र खरं. जातीपातीचं सोवळं त्यांना अजिबात नव्हतं. त्या काळात महालकरी कुणाच्याही घरी, अगदी कुणाच्याही, मांडी घालून जेवतो, यावरून भोरात कितीतरी लोक नाकं मुरडायचे. त्यांचं सोवळं फक्त मिठाचं.

पण त्यांच्या सोवळ्यापायी मरण माझं. ज्या भांड्यात त्यांचं शिजायचं त्याच भांड्यात माझं. आणि मी जिभेचा चटोर माणूस. आमटी पुढं आली की मीठ, तिखट, गूळ यांचा हिशेब आधी ज्याच्या जिभेवर लागतो, तो मी! अळणी पिठलं कधी खाल्लंय तुम्ही? नका खाऊ. मी रुमालात लोणच्याची फोड बांधून न्यायला लागलो. एकदा विंझरला पकडला गेलो. अण्णासाहेबांनी फोड बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि भर पंगतीत म्हणाले, "बापूराव, लोणचं म्हणजे मुरलेली लाच." अहो, लोणचं माझ्या बायकोनं घातलेलं! पंगत खो खो हसली. मी खाली मान घालून भात गिळला.

मिठाची चळवळ जोरात होती त्या दिवसांत आम्ही पुण्याहून परत येत होतो. कापूरहोळच्या फाट्यावर इंग्रज सरकारचा पोलीस मोटारीतल्या लोकांची झडती घेत होता. अण्णासाहेबांच्या खिशातून निघालं मीठ! पोलिसाचे डोळे चमकले. "हे कुटलं?" अण्णासाहेब म्हणाले, "बाजारातलं." "मग खिशात कशाला?" आता, "सर्दी झालीय, शेक घ्यायचाय" असं काहीतरी सांगून माणूस मोकळा होईल की नाही? यांनी उभ्या उभ्या लाच म्हणजे काय, यावर व्याख्यान सुरू केलं. पोलीस ऐकता ऐकता चपापला, कारण त्याच्या हातात शेजारच्या हॉटेलवाल्यानं दिलेला चहा होता. त्यानं घाईघाईनं आम्हाला मोटारीत बसवलं. सगळी मोटार आमच्याकडं वळून वळून बघत होती. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

बरं, हे वेड सरकारी कामापुरतं असतं तर ठीक. त्यांना एकुलती एक मुलगी, कुसुम. बायको लवकर गेली, पोरीला त्यांनीच वाढवलं. ती सारोळ्याला दिलेली. पहिल्या दिवाळीला व्याह्यांनी थाटात बोलावलं. तिथंही निरोप घेऊन मीच पुढं! व्याहीबुवा तडकले. "मुलगी द्यायला आमचं घर चालतं, आणि आमचं मीठ चालत नाही?" मी अण्णासाहेबांना म्हटलं, "अहो, सारोळ्याचा आणि आपल्या महालाचा संबंध काय?" तर म्हणाले, "उद्या बदली झाली तर?" जेवताना कुसुम वाढत होती. बापानं डबी काढली तशी ती पोर लाजेनं लाल झाली आणि भाजीचं भांडं तिथंच ठेवून आत निघून गेली. पुढं त्या घरातून बोलावणं यायचं थांबलं. दिवाळीला अण्णासाहेब वेल्ह्याच्या बिऱ्हाडी एकटेच कंदिलाची काच पुसत बसलेले असायचे. मी फराळ न्यायचो. तोही परत यायचा. मीठ असतं ना चिवड्यात!

लोक त्यांना मागं 'अळणी महालकरी' म्हणत. पण एक मी कधी ऐकलं नाही, की अळणी महालकऱ्यानं खोटा निकाल दिला. डोंगरातली माणसं तर त्यांच्या नावानं शपथ घ्यायची. दोन भाऊ भांडायला लागले, तर तिसरा म्हणायचा, "चला अन्नासायबाकडं. त्यो सांगंल त्येच खरं." मला राग यायचा, लाज वाटायची, आणि तरी आतून छाती फुगायची. आपला साहेब आहे म्हणून.

आणि मग ठकूबाईचं प्रकरण आलं.

विंझरच्या वरच्या अंगाला एक उतार आहे. तिथं ठकूबाई नावाच्या धनगर म्हातारीचं खोपटं होतं, आणि शेरडंमेंढरं कोंडायचं वाडगं. गावच्या पाटलानं दावा लावला की तो उतार माझा, म्हातारीनं उठावं. म्हातारीकडं कागद नव्हता. धनगराकडं कसला कागद? तिचं म्हणणं एवढंच, की नवरा मरताना सांगून गेला, "ही जागा आपली हाय. आज्याला गावानं दिल्याली. सोडू नगं." उठावं लागलं असतं तर ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ती, तिचा मुलगा म्हादू, सून, नातवंडं आणि कळप उघड्यावर.

आम्ही जागा बघायला वर गेलो. वैशाखाचं ऊन. चढता चढता अण्णासाहेबांना भोवळ आली आणि ते खोपटाच्या सावलीत मटकन बसले. ठकूबाई धावली. "सायब, वाईच हुलग्याचं माडगं घ्या. जिवाला बरं वाटंल." मी नेहमीप्रमाणं पुढं होऊन सांगितलं, मीठ घालू नका. "व्हय बा," म्हातारी म्हणाली. मोठी वाटी भरून आणली. अण्णासाहेबांनी डबी काढली, चिमूट टाकली, ढवळलं आणि घटाघटा प्याले. मग त्यांचं तोंड वाकडं झालं.

"बाई, तुम्ही मीठ घातलं होतं?"

"घातलं की."

"सांगितलं होतं ना घालू नका म्हणून?"

"सांगितलं हुतं," म्हातारी जराही न बिचकता म्हणाली. "पर सायब, अळणी सुतकात खात्यात. माज्या दारात जित्या मानसाला अळणी घालू व्हय? आन त्येबी तुमास्नी? न्हाई बा. म्या न्हाई तसलं पाप करनार."

मला हसू आवरेना. इतक्या वर्षांत त्या माणसाला बरोबर उत्तर देणारं कुणीतरी भेटलं होतं! मी तोंडाला उपरणं लावून हसलो. अण्णासाहेब मात्र पांढरे पडले.

प्रकरण अगदी सरळ होतं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या जबान्या झाल्या. पाटलाचा सख्खा चुलतासुद्धा कचेरीत उभा राहून म्हणाला, "म्या ल्हान हुतो तवापास्नं तितं धनगराचंच वाडगं हाय. खोटं कशाला बोलू?" पाटलाचं तोंड एवढंसं झालं. मी मनात म्हटलं, झालं, म्हातारी जिंकली. निकालाच्या दिवशी ठकूबाई नवं लुगडं नेसून आली होती.

अण्णासाहेबांनी निकाल वाचला. जागा पाटलाची.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पाटलालाही तसंच वाटलं असावं, कारण तो आ वासून उभा राहिला. ठकूबाईनं दोनदा विचारलं, "काय म्हन्ले सायब?" म्हादूनं तिला हाताला धरून बाहेर नेलं.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर ओढ्यापर्यंत फिरायला जायची माझी रीत होती. त्या दिवशी मी तोंड फोडलंच. "साहेब, हा काय निकाल झाला?"

"बापूराव," ते म्हणाले, "मी लिहायला बसलो, तर मन आधीच तिच्या बाजूला जाऊन बसलेलं. का बसलंय ते मला कळेना. पुराव्यानं की माडग्यानं? तिचं मीठ माझ्या पोटात होतं. संशय आला की अधिकाऱ्यानं स्वतःच्या विरुद्ध निकाल द्यावा."

"मग स्वतःच्या विरुद्ध द्यायचा होता!" मी ओरडलोच. "तिच्या विरुद्ध कशाला दिलात? तुमचं सोवळं राहावं म्हणून म्हातारीनं पावसात जायचं?"

ते चालता चालता थांबले. मी इतका मोठ्यानं त्यांच्याशी कधीच बोललो नव्हतो. कानफटात मारल्यावर पोर बघतं, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग वळले आणि एकटेच परत गेले.

मृगाच्या आत ठकूबाईनं खोपटं मोडलं. कळप कचेरीवरूनच खाली गेला. घोड्यावर भांडीकुंडी, वर कोंबड्या, सुनेच्या काखेत तान्हं. म्हातारी पायरीपाशी आली, हात जोडले. "येतो सायब. राग नगा धरू आमच्यावर, इतकी वर्सं बसलो." मला वाटलं, टोमणा मारतेय. मारू दे, म्हटलं, हक्क आहे तिचा. अण्णासाहेब खुर्चीवरून उठले, पण मान काही वर झाली नाही.

तो सबंध पावसाळा त्यांचा तसाच गेला. पाऊस कोसळायला लागला की कचेरीच्या ओसरीवर येऊन वरच्या उताराकडं बघत उभे राहायचे. निकाल द्यायची वेळ आली की घाम फुटायचा. मला विचारायचे, "बापूराव, हे बरोबर दिसतंय ना?" मला! जो माणूस उभ्या आयुष्यात कुणाला काही विचारत नव्हता तो.

शेवटी दिवाळीनंतर मला म्हणाले, "चला भोरला." तिथं वरिष्ठ साहेबांपुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी एका निकालात पक्षपात केला. मला शिक्षा करा."

साहेब दचकले. अण्णासाहेब आणि पक्षपात! "कुणाकडून काही घेतलंत?"

"घेतलं. माडगं."

"कुणाचं?"

"ठकूबाईचं."

"आणि निकाल तिच्या बाजूनं दिलात?"

"नाही. विरुद्ध दिला."

मग साहेब हसायला लागले, शिरस्तेदार हसले, पट्टेवाला दारात तोंड फिरवून हसला. "अहो अण्णा, लाच खाऊन उलटा निकाल देणारा तुम्हीच पहिला!" साहेबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. आणि त्या हशाच्या मधोमध हा वाळका माणूस हात जोडून उभा. "हसू नका हो," एवढंच म्हणत होता. "म्हातारी बेघर झाली. हसू नका." मी पंगतीत पुष्कळ वेळा शरमलो होतो. पण ती लाज लाजच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

साहेब माणूस चांगला. हसून झाल्यावर म्हणाले, बाईला अपील करायला सांगा, मी बघतो. जागेचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. अपील झालं, उतार तिला परत मिळाला. अण्णासाहेबांनी पुढं आपणहून नोकरी सोडली. पण मला सांगायचंय ते निराळंच.

अपिलाचं सांगायला ठकूबाईला शोधत आम्ही भोरहून सारोळ्याला गेलो. नीरेच्या काठी एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली, बांधावर पाल ठोकलेलं. बाजूला दोन-चार बिऱ्हाडं आणखी. म्हातारी पार वाळली होती. आम्हाला बघून लगबगीनं घोंगडं झटकलं. "बसा सायब."

अण्णासाहेब बसले नाहीत. "बाई, तो निकाल चुकीचा होता. जागा तुमचीच आहे."

म्हातारी हसली, लहान पोराला हसावं तशी. "असं कसं व्हईल? तुमी चुकीचं सांगत न्हाई. आख्खा मुलूख म्हनतो."

"मी चुकीचंच सांगितलं."

"माजं माडगं प्यालासा म्हनून बोलताय व्हय?" तिनं आवाज खाली आणला. "नगं सायब. माज्यासाटी तसलं नगं. तुमचं नाव खराब हुईल."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. म्हातारी अण्णासाहेबांचीच समजूत घालायला लागली. "तुमी जिवाला लावून घिऊ नगा. आमचा म्हाताराच खोटारडा निगाला, त्येला कोन काय करनार? मरताना सुदिक खोटं बोलला. दुसऱ्याच्या जागंत आमाला बसिवलं. गावाला तोंड दाखवायची लाज वाटती बगा. पोराला सांगितलंय म्या, बापाचं नाव काडू नगंस माज्याम्होरं."

म्हादू बाजूला काठीनं माती उकरत उभा होता. त्यानं वर बघितलं नाही.

तेव्हा मला तिचा पायरीवरचा निरोप कळला. टोमणा नव्हता तो. या बाईनं अण्णासाहेबांवर इतका विश्वास टाकला होता, की स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याला तिनं खोटं ठरवलं होतं.

अण्णासाहेबांनी डोक्याचा रुमाल काढला. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच उघडं बघत होतो. म्हादूपाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पालांतली सगळी माणसं बाहेर येतील एवढ्या मोठ्यानं बोलले. "ऐका सगळ्यांनी! याचा बाप खरं बोलला होता. जागा त्याचीच होती. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून मी उलटा निकाल दिला. खोटा मी आहे. याचा बाप नाही."

ठकूबाई त्यांच्याकडं बघतच राहिली.

"खरं?"

"खरं."

"माज्या गळ्याची आन?"

"तुमच्या गळ्याची आण, बाई."

म्हातारी मटकन खाली बसली. मला वाटलं आता ती शिव्या घालील, तळतळाट देईल. मी म्हटलं, देऊ दे, आम्ही त्याच लायकीचे. पण तिनं पदर तोंडात कोंबला आणि हलकेच म्हणाली, "म्या औंदा पितरात त्येला घास न्हाई टाकला, सायब. खोटारड्याला कशाला, म्हटलं. समद्यांची पितरं जेवली. माजा म्हातारा उपाशी ऱ्हायला."

अण्णासाहेब तिच्यासमोर मातीत बसले. मग ते हुंदके देऊन रडायला लागले, आणि म्हातारीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली.